खेळातले पदार्थविज्ञान आणि लहानमोठी यंत्रे



इतिहास शिकवणाऱ्या माणसाने संगणकावरच्या खेळांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. पण लढाया आणि तह एवढाच काही इतिहास नसतो. मोटेचा, चरख्याचा, छापखान्याचा इतिहास असतो, तसा खेळाच्या यंत्रांचाही असतो. आणि त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यातला एकच प्रश्न आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

दूरचित्रवाणीला जोडून ज्यावर खेळ खेळतात त्या यंत्राला कन्सोल म्हणतात. एका कंपनीचे, एका साच्यातून निघालेले हे यंत्र. टोकियोत घ्या की सोलापुरात घ्या, आतला मेंदू तोच. पीसीचे तसे नाही. एखाद्या शाळेची संगणक-खोली डोळ्यांपुढे आणा. एक यंत्र दहा वर्षांपूर्वीचे, दुसरे कुणी देणगी दिलेले, तिसरे गेल्या वर्षी घेतलेले. कशाचा प्रोसेसर मंद, कशाची स्मृती अपुरी. आता समजा, एखादा खेळ कन्सोलसाठी रचला आहे, आणि त्यात वस्तू पडतात, आदळतात, मोडतात, तरंगतात, ते सारे पदार्थविज्ञानाच्या नियमांनी, क्षणाक्षणाला गणित करून. असा खेळ या नाना तऱ्हेच्या पीसींवर उतरवता येईल का? मोठ्या यंत्राला मोठा आणि लहान यंत्राला लहान, असा तो बेतता येईल का?

चित्रापुरते बोलायचे तर उत्तर सोपे आहे. येईल. यंत्र लहान असेल तर झाडाची पाने कमी काढा, सावल्या वगळा, चित्र जरा भरड करा. कोकणातले दशावतारी एका बाकड्यावर सारे नाटक उभे करतात. तेच बाकडे सिंहासन होते, तेच डोंगर होते. नेपथ्य गेले म्हणून कथा काही बदलत नाही. पदार्थविज्ञान मात्र कधी नेपथ्य असते, कधी कथाच असते, आणि साऱ्या अडचणीचे मूळ इथे आहे. चेंडू किती उंच उसळतो हे जर यंत्रागणिक बदलू लागले, तर दोन घरांतली दोन मुले एकच खेळ खेळत आहेत असे म्हणता येईल का?

आता थोडे मागे जाऊ. १९५८ चा ऑक्टोबर महिना. अमेरिकेत ब्रूकहेवन येथील सरकारी संशोधनकेंद्रात पाहुण्यांसाठी प्रदर्शन भरायचे होते. विल्यम हिगिनबॉथम हे तिथल्या उपकरण-विभागाचे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलॅमॉस येथे अणुबॉम्बच्या इलेक्ट्रॉनिक भागावर त्यांनी काम केले होते. नुसती यंत्रे मांडून ठेवली तर लोक कंटाळतात, त्यांच्या हाताला काहीतरी दिले पाहिजे, असे त्यांच्या मनात आले. केंद्रात एक ॲनालॉग संगणक होता, आणि गोळीचा मार्ग किंवा उसळणारा चेंडू त्यावर कसा काढावा याची रीत त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली होती. हिगिनबॉथम यांनी तिचा टेनिसचा खेळ केला. ऑसिलोस्कोपच्या पाच इंची गोल पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मध्ये एक उभी रेघ म्हणजे जाळे, आणि एक ठिपका म्हणजे चेंडू. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी त्यांनी चंद्रावरच्या आणि गुरू ग्रहावरच्या गुरुत्वाकर्षणात चेंडू कसा जाईल हेही दाखवले. म्हणजे पाहा, अगदी आरंभीच्या खेळांपैकी एक, आणि त्याचा आत्मा पदार्थविज्ञान!

या यंत्राची एक गंमत शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. त्यात आकडेमोड नव्हती. चेंडूची उंची म्हणजे एक विद्युद्दाब, आणि तो दाब पाण्याच्या धारेसारखा अखंड बदलत असे. आजचा संगणक तसे करत नाही. तो पायऱ्या पाडतो. आत्ता चेंडू कुठे आहे, अमुक इतक्या वेळाने कुठे असेल, त्यानंतर कुठे, असे तो टप्प्याटप्प्याने मोजतो. टप्पे आले म्हणजे एका सेकंदात किती टप्पे मोजायचे हा प्रश्न आला. आणि त्याबरोबर यंत्राची ऐपत आली.

ती ऐपत कशी आड येते हे १९६२ मध्येच दिसले. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ नावाचा संगणक होता. सेकंदाला सुमारे एक लाख बेरजा करणारा. स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. मध्ये एक तारा, भोवती दोन अवकाशयाने, आणि ती एकमेकांवर टॉर्पेडो सोडतात. ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण घालण्याचे काम डॅन एडवर्ड्स यांनी केले, पण त्यासाठी वेळ काढायचा कुठून? त्यांनी आधी याने रेखाटण्याची पद्धत सुधारली, तिथे वेळ वाचवला, आणि तो गुरुत्वाकर्षणाला दिला. तरीही सगळ्यांना पुरला नाही. याने ताऱ्याकडे ओढली जात आणि टॉर्पेडो मात्र सरळ जात! प्रत्येक टॉर्पेडोचे गणित करण्याइतका दम त्या यंत्रात नव्हता. घरात दूध थोडे असले की आधी लेकराला देतात आणि मोठी माणसे कोरा चहा पितात, तसाच हा हिशेब. कशाला नियम लावायचा आणि कशाला सूट द्यायची हे रचणाऱ्याने ठरवले, आणि ते सर्वांना सारखेच राहिले, कारण खेळ त्या एका यंत्राच्या मापाने बेतलेला होता.

१९७८ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी टायटो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्यात परग्रहावरचे ५५ जीव रांगांनी खाली उतरतात आणि आपण त्यांना टिपायचे. यंत्र पडद्याच्या दर फेरीला एकच जीव हलवू शके. म्हणजे ५५ जीव हलायला जवळजवळ एक सेकंद लागे. जीव कमी झाले की उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि ते भराभर धावू लागत. ही खरे तर यंत्राची अशक्तता, पण त्यामुळे खेळाला रंग चढतो हे पाहून निशिकादो यांनी ती तशीच राहू दिली. कल्पना करा, दहापट जोरकस यंत्रावर हाच खेळ जसाच्या तसा घातला तर काय होईल? पहिल्या क्षणापासून सगळे जीव वाऱ्यासारखे पळतील आणि खेळणारा हात टेकील.

नेमके हेच पुढे पीसीवर घडले. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता, आणि त्या काळचे पुष्कळ खेळ तोच वेग गृहीत धरून लिहिलेले. पुढची यंत्रे अधिक वेगवान निघाली तेव्हा जुने खेळ हाताबाहेर जाऊ लागले. मग इतर कंपन्यांच्या पीसींवर 'टर्बो' नावाचे एक बटण आले. नाव टर्बो, पण त्याचा मोठा उपयोग यंत्र मंद करण्याकडे! नवा बैल जुन्या गाडीला जुंपायचा म्हणून त्याच्या पायात लोढणे अडकवावे, त्यातला हा प्रकार.

टप्प्यांनी एवढा फरक का पडावा, हे फळ्यावर पाच मिनिटांत दाखवता येते. एक दगड उंचावरून सोडला. दोन सेकंदांत तो किती पडेल? शाळेतल्या सूत्राने १९.६ मीटर. आता संगणकासारखे टप्प्याने करू. एकेका सेकंदाचा टप्पा घ्या. दर टप्प्याला आधी वेग वाढवा, मग त्या वेगाने दगड खाली न्या. पहिल्या सेकंदानंतर वेग ९.८, दगड ९.८ मीटर खाली. दुसऱ्यानंतर वेग १९.६, दगड २९.४ मीटर खाली. आता हेच अर्ध्या सेकंदाच्या चार टप्प्यांनी करा. उत्तर येते २४.५. तोच दगड, तीच पृथ्वी, तेच दोन सेकंद, आणि उत्तरे तीन. टप्पा बारीक करत गेलात तर उत्तर १९.६ च्या जवळ सरकते, पण प्रत्येक टप्प्याला यंत्राची मेहनत लागते. दुसरी भानगड अशी की, सेकंदाला ३० टप्पे घेतले आणि एखादा गोळा सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असला, तर तो एका टप्प्यात एक मीटर उडी घेतो. मध्ये वीतभर जाडीची भिंत असेल तर एका टप्प्याला तो अलीकडे आणि पुढच्या टप्प्याला पलीकडे. भिंत होती हे यंत्राला कळतही नाही. म्हणून टप्पा यंत्रागणिक बदलला की खेळातली सृष्टीच बदलते. १९९९ च्या 'क्वेक ३ अरीना' या खेळात सेकंदाला १२५ चित्रे काढणाऱ्या यंत्रावर उडी जरा उंच जात असे, आणि पट्टीचे खेळाडू मुद्दाम तोच आकडा लावून बसत. इतरांवर हा अन्यायच नव्हे का?

यावरचा उपाय नवा नव्हता. १९९३ च्या 'डूम' या खेळात सृष्टीचे नियम सेकंदाला ३५ वेळा मोजले जात, यंत्र कोणतेही असो. चित्रे मात्र जेवढी जमतील तेवढी. भजनात मृदंगाचा ठेका एक असतो. गाणारा चांगला असला तर त्यात चार ताना घेतो, साधा असला तर नुसती ओळ म्हणतो, पण दोघे समेवर एकाच वेळी येतात. नियमांचा ठेका वेगळा आणि चित्रांच्या ताना वेगळ्या, अशी ही विभागणी. ती केली की अर्धी लढाई जिंकली. अर्धीच म्हणतो, कारण यंत्र इतके दुबळे असले की त्याला ठेकाच धरता येत नाही, तर काय करणार? काही खेळ अशा वेळी काळच मंद करतात, आणि पडद्यावरचा एक सेकंद आपल्या घड्याळाच्या दोन सेकंदांचा होतो.

१९९८ चा 'ट्रेसपासर' हा खेळ इथे आठवावा लागतो. ज्युरासिक पार्कच्या बेटावरचा, पीसीवरचाच खेळ. पेटी उचला, पेटीवर पेटी ठेवा, काठीने मारा, सारे पदार्थविज्ञानाच्या नियमांनी. कल्पना काळाच्या पुढची होती. पण लोकांच्या घरातल्या यंत्रांना ते ओझे पेलले नाही. खेळ रखडत चाले, आणि तो आपटला. माझ्या मते पुढच्या अनेकांनी त्यापासूनच धडा घेतला. २००४ च्या 'हाफ-लाइफ २' मध्ये डब्लिनच्या हॅवॉक कंपनीने केलेले पदार्थविज्ञानाचे गणित वापरले होते. एक फळी तरफेसारखी ठेवलेली असते. तिच्या एका टोकाला विटा रचल्या की दुसरे टोक वर राहते आणि आपण चढून जातो. पाचवी-सहावीच्या मुलालाही समजेल असे हे कोडे. इथे तरफ हा नियम आहे. ती वगळून पुढे जाता येत नाही. म्हणून रचणाऱ्यांनी विटा मोजक्याच ठेवल्या. पुढच्याच वर्षी हा खेळ ६४ मेगाबाइट स्मृतीच्या पहिल्या एक्सबॉक्सवरही आला. चित्र उतरले, चाल अधूनमधून अडखळली, पण तरफ जागच्या जागी होती.

त्यानंतर कन्सोलच्या आतली रचनाच पीसीहून वेगळी होऊ लागली. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये 'सेल' नावाचा प्रोसेसर होता. त्यात एक मुकादम आणि खेळाच्या कामाला मिळणारे सहा मजूर, प्रत्येकाजवळ २५६ किलोबाइटची छोटीशी शिदोरी. असंख्य कणांचे, कापडांचे, तुकड्यांचे गणित हे मजूर झपाट्याने करत. पण काम त्यांच्या शिदोरीत मावेल असे तोडून द्यावे लागे. असे लिहिलेले काम पीसीवर न्यायचे म्हणजे पुन्हा नव्याने मांडणे आले. त्याच वर्षी एजिया नावाच्या कंपनीने पीसीसाठी निव्वळ पदार्थविज्ञानाचे गणित करणारे एक वेगळे कार्ड विकायला काढले. कल्पना सुरेख, पण ज्याच्याकडे ते कार्ड नाही त्याने काय करायचे? खेळ रचणाऱ्याला सगळेच गिऱ्हाईक हवे असते. मग कार्डवाल्यांना चार ठिणग्या जास्त, एवढेच त्यातून निष्पन्न झाले. २००८ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने एजिया विकत घेतली आणि ते गणित आपल्या चित्र-कार्डावर नेले.

२००९ साली दोन खेळ आले, त्यांची तुलना मला फार बोधक वाटते. पहिला 'बॅटमॅन: अर्कम असायलम'. पीसीवर, एन्व्हिडियाचे कार्ड असेल तर, त्यात धुके पायाशी घोळते, कागद उडतात, कापडी पताका फाटतात. कन्सोलवर हे नाही. पण मारामारी, चढणे, उतरणे दोन्हीकडे सारखेच. इथे पदार्थविज्ञान हे नेपथ्य आहे. हवे तेवढे वाढवा, हवे तेवढे काढा. दुसरा 'रेड फॅक्शन: गरिला'. मंगळावर हातात घण घेऊन इमारती पाडायच्या. इथे भिंतींवर किती भार येतो याचे गणित यंत्र करत असते. आधाराचे खांब तोडले की वरचा मजला खाली येतो. हा खेळ जूनमध्ये कन्सोलवर आणि सप्टेंबरात पीसीवर आला, आणि पाडापाडी दोन्हीकडे तीच ठेवावी लागली. लहान यंत्रावर इमारती अभंग ठेवल्या असत्या तर खेळायचे काय? त्याचे माप कन्सोलच्या ऐपतीने आधीच ठरून गेले होते, आणि मोठ्या पीसीवाल्याला त्याहून मोठे कोसळणे काही मिळाले नाही.

जाता जाता सांगतो, नेपथ्याचेही सगळे सुखाचे नसते. २०२५ च्या आरंभी एन्व्हिडियाची नवी कार्डे आली त्यांत त्या जुन्या ३२-बिट गणिताचा आधार काढून टाकलेला होता. त्यामुळे २०११ च्या 'बॅटमॅन: अर्कम सिटी'सारखे खेळ, ही सजावट चालू ठेवली तर, नव्याकोऱ्या महागड्या कार्डावर जुन्यापेक्षा मंद चालू लागले! ओरड झाली आणि वर्षाच्या अखेरीस काही खेळांपुरता तो आधार परत दिला गेला.

आता कन्सोलकडून पीसीकडे येताना होणाऱ्या एका आळसाविषयी बोलले पाहिजे. कन्सोल सगळे सारखे, आणि चित्रे सेकंदाला ३० हे ठरलेले. मग ठेका वेगळा कशाला ठेवा? दर चित्रामागे नियम एकदा मोजला की झाले. कन्सोलवर हे खपून जाते. पीसीवर आले की पितळ उघडे पडते. २०१२ मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला तो ३० चित्रांना बांधलेला. हौशी लोकांनी तो बांध फोडून ६० केले, तर उडीचे अंतरच बदलले. २०१४ मध्ये त्याचा दुसरा भाग पीसीवर रीतसर ६० चित्रांनी आला, आणि त्यात शस्त्रे दुप्पट वेगाने झिजू लागली, कारण झीज चित्रागणिक मोजली जात होती. ती दुरुस्त व्हायला २०१५ उजाडले. २०१३ च्या 'नीड फॉर स्पीड: रायव्हल्स' मध्ये चित्रे दुप्पट केली तर मोटारीच दुप्पट धावत. २०११ च्या 'स्कायरिम' मध्ये ६० च्या वर गेले की टेबलावरची भांडी आपोआप नाचू लागत, घरात भुताटकी झाल्यासारखी. यात पीसीच्या विविधतेचा दोष नाही. 'डूम'ने १९९३ मध्ये दाखवलेली वाट सोडली, एवढाच याचा अर्थ.

२०१३ पासून कन्सोलही पीसीच्याच घराण्यातले प्रोसेसर वापरू लागले, तेव्हा भाषांतराची अडचण पुष्कळशी सरली. उरला तो ऐपतीचा प्रश्न. २०१५ च्या 'रॉकेट लीग' ने तो कसा सोडवला पाहा. मोटारींनी फुटबॉल खेळायचा. नियमांचा ठेका सेकंदाला १२० असा पक्का. मोटार दिसायला कशीही नटलेली असो, गणिताच्या दृष्टीने ती एक साधी पेटी. एक चेंडू आणि काही पेट्या, एवढे गणित साध्या यंत्रालाही पेलते, आणि म्हणूनच पहिल्यापासून कन्सोलवाला आणि पीसीवाला एकाच मैदानात उतरू शकले. दुसरी वाट 'बीमएनजी ड्राइव्ह' या पीसीवरच्या खेळाची. त्यात गाडीचा सांगाडा सेकंदाला २,००० वेळा मोजतात. यंत्र लहान असेल तर रस्त्यावर गाड्या कमी ठेवा. पण जी गाडी आहे तिचा पत्रा सगळीकडे सारखाच चेपतो. संख्या कमी करायची, नियम नाही. ही युक्ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

तिसरी वाट फसली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये 'क्रॅकडाउन ३' चे प्रात्यक्षिक दाखवले. शहरच्या शहर कोसळवायचे आणि त्याचे गणित घरातल्या यंत्राने न करता दूरच्या संगणक-केंद्रांनी करून पाठवायचे. ऐकायला छान. प्रत्यक्ष खेळ २०१९ मध्ये आला तेव्हा ती मोडतोड फक्त अनेकांनी मिळून खेळायच्या एका भागात उरली, आणि एकट्याने खेळायच्या मुख्य कथेत ती नव्हतीच. आपल्याकडे जिथे दुपारी वीज जाते आणि संध्याकाळी इंटरनेट, तिथल्या माणसाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हा भेद उमगलेला दिसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एकाच वेळी दोन कन्सोल काढले, एक महाग आणि एक स्वस्त. स्वस्त यंत्राची चित्रे काढण्याची ताकद महागाच्या साधारण एकतृतीयांश ठेवली. स्मृतीही कमी केली. पण गणित करणारा प्रोसेसर जवळजवळ तोच, एकाचा वेग ३.८ गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याचा ३.६. काटकसर कुठे केली आणि कुठे टाळली ते आपणच पाहा. पीसीच्या खेळावर 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन रकाने छापलेले असतात. ज्या खेळात मोडतोड हाच खेळ आहे, तिथे घेणाऱ्याने किमान रकान्यातली प्रोसेसरची ओळ आधी वाचावी. चित्र-कार्डाचे उणे सजावट कमी करून बरेचसे भरून काढता येते, प्रोसेसरचे तसे येत नाही.

आणि वाहता ओढा उलटाही वाहतो, बरं का. स्वीडनमधल्या एका छोट्या मंडळीने केलेला 'टिअरडाउन' हा खेळ २०२२ मध्ये पीसीवर पूर्ण झाला. त्यातले घर, होडी, भिंत, सगळे बारीक बारीक ठोकळ्यांचे बनलेले, आणि जवळजवळ सगळे फोडता येते. भिंत फोडून वाट काढणे हाच डाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कन्सोलवर गेला, पण प्लेस्टेशन ५ आणि त्याच्या बरोबरीच्या एक्सबॉक्सवरच. आधीच्या पिढीचे प्लेस्टेशन ४ तेव्हाही कोट्यवधी घरांत होते. त्यांच्यासाठी तो आला नाही.